लाकडाची पावभट्टी गॅसवर नेताना तळ तापतच नाही, काय करावं?

परळची_भट्टी: विटांची घुमटाकार भट्टी, रोजचं लाकूड साधारण १०० किलो. मुंबई उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ च्या आदेशात लाकूड-कोळसा सोडायला सहा महिन्यांची मुदत होती, पण आमच्या गल्लीत गॅसची पाइपलाइनच नाही. हवा खराब आहे हे मान्य, पण आधी लाइन द्या, मग मुदत द्या! चिमणीला सायक्लोन (धूर गरगर फिरवून राख वेगळी करणारं यंत्र) लावून सुकं लाकूड वापरलं तर चालेल का? सिलिंडरवर बर्नर लावून पाहिला, तर लादी पाव वरून करपतो आणि खाली पांढराच राहतो.

बर्नर_फिटर: सायक्लोनवर पैसे घालू नका. आदेश इंधनावरच आहे, आणि सायक्लोनमध्ये राख अडकते, धुराचे बारीक कण सुटतातच.

आता तळाचं. लाकडाचे निखारे फरशीवरच पडतात, म्हणून ती थेट तापते. गॅसची ज्योत मात्र घुमटाकडे उठते. बर्नर खाली, भिंतीला समांतर बसवा. ज्योत विटेवर थेट आपटू देऊ नका, वीट तडकते. घुमट तापला की बर्नर बंद करून डँपर (चिमणीची झडप) आणि तोंड ३०-४० मिनिटं बंद ठेवा. इन्फ्रारेड थर्मामीटरने फरशी आणि घुमट दोन्ही मोजा. फरक २०-३० अंशांवर आला आणि फरशी २३० अंशांच्या आसपास असली की मगच माल आत घाला. घाई केली की नेमकं तुमच्यासारखं होतं.

आणि ज्योत विझली तर गॅस आपोआप तोडणारा व्हॉल्व्ह हवाच. ज्योत ओळखणारा सेन्सर यूव्ही (अतिनील किरण टिपणारा) किंवा आयनायझेशन रॉडचा (ज्योतीतून वाहणारी वीज टिपणारी सळई) घ्या. साधा इन्फ्रारेड सेन्सर तापलेल्या विटेलाच ज्योत समजतो. पेटवण्याआधी ब्लोअरने भट्टीतली हवा पूर्ण बदला. बंद घुमटात साचलेला गॅस पेटला तर भट्टी फुटते, माणूस जातो. इथे काटकसर नाही.

हिशेब_बघा: १०० किलो लाकूड म्हणजे किलोला ३,५०० किलोकॅलरी धरून साडेतीन लाख किलोकॅलरी. पाइप गॅस घनमीटरला ८,५०० च्या आसपास, म्हणजे ४१ घनमीटर. ही वरची मर्यादा समजा, कारण भट्टी तापली की गॅस बंद करता येतो. दर तुमच्या बिलावरून लावा.

सिलिंडरचं दुखणं वेगळं. १९ किलोच्या एका सिलिंडरमधून सलग वापरात तासाला साधारण किलोभरच गॅस निघतो, जास्त ओढला की बर्फ धरतो आणि ज्योत मंदावते. ६० किलोवॉटच्या बर्नरला तासाला पावणेपाच किलो लागतो, म्हणून पाच सिलिंडर मॅनिफोल्डवर (सगळ्यांचा गॅस एकत्र आणणाऱ्या पाइपवर) जोडा. सहावा ठेवू नका. भरलेले, जोडलेले सगळे धरून साठा १०० किलोच्या वर गेला की वेगळा परवाना लागतो. पाच म्हणजे ९५ किलो, काठावर बसतं.

परळची_भट्टी: पाइपलाइन आली की हाच बर्नर चालेल?

बर्नर_फिटर: बर्नर चालेल, नोझल आणि रेग्युलेटर बदलावे लागतील. मीटरवर किती दाब मिळणार ते आधी लेखी घ्या, त्यावरूनच नोझलचं भोक ठरतं. एलपीजी जमिनीलगत साचतो, म्हणून आता हवेची जाळी खाली हवी. पाइप गॅस वर चढतो, तेव्हा छताजवळही लागेल. भिंत फोडताय तर दोन्ही एकदाच करून घ्या.