नऊ बाय दहाच्या खोलीत कसारा घाट बसेल काय?

एकलहरेकर :

सर्वांना नमस्कार. मी नाशिक रोडला राहतो, वय ६६. नोकरीची बरीच वर्षे पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अप-डाउन करण्यात गेली. संध्याकाळी परतताना कसाऱ्याला चढावर गाडी मागून ढकलणारी बँकर इंजिने लागत आणि त्या हलक्या धक्क्याने डुलकी मोडत असे, हे आजही अंगात आहे. गेल्या दिवाळीत मुलाने नातवासाठी १:८७ प्रमाणातील, म्हणजे एच-ओ मापाचा, लघुरेल्वेचा एक प्रारंभिक संच आणला. नातू चार दिवसांत कंटाळला. मी मात्र अद्याप कंटाळलेलो नाही.

आता जेवणाच्या टेबलावरून रूळ रोज काढणे-घालणे सोडून कायमची मांडणी करावी असे मनात आहे. मुलीची खोली रिकामी आहे, नऊ बाय दहा फूट. पाहुणा आला तर मधे गादी घालता आली पाहिजे, एवढ्या अटीवर सौभाग्यवतींची संमती मिळाली आहे. मला लंबवर्तुळात फिरणारी गाडी नको, घाट हवा. परंतु एवढ्या जागेत एच-ओ बसत नसेल तर त्याहून लहान, १:१६० चे एन माप घ्यावे काय? दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि उजवा हात किंचित थरथरतो, हे लक्षात घेऊन सांगावे.

आणखी एक अडचण आहे. मागच्या आठवड्यात सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा फाटा, आणून गाडी वळसा घेऊन त्याच रुळावर उलट परतेल अशी जोडणी केली, तर गाडी हलण्याआधीच वीजपुरवठा बंद पडू लागला. एका दुकानदाराने नियंत्रक, म्हणजे रुळांना वीज देणारी आणि वेग बदलणारी पेटी, जळाला असे सांगून नवा घेण्याचा सल्ला दिला आहे. घ्यावा काय?

सातपूरचा फिटर :

एकलहरेकर, पैसे खर्च करू नका. आपला नियंत्रक बहुधा ठणठणीत आहे आणि तो बंद पडतो आहे हीच त्याची कर्तव्यदक्षता आहे. आपल्या संचात दोन रुळांमधून १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह जातो, एक रूळ धन आणि दुसरा ऋण, आणि त्यांची अदलाबदल केली की इंजिन उलट दिशेने धावते. आता कागदावर दोन समांतर रेघा काढून त्या वळवून पुन्हा स्वतःलाच जोडून पाहा : डावी रेघ उजवीला येऊन मिळते. म्हणजेच धन आणि ऋण एकमेकांना भिडतात, शॉर्ट होतो आणि संरक्षण पुरवठा तोडते.

उपाय स्वस्त आहे. वळशाच्या दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांवर, रुळांचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांऐवजी प्लास्टिकच्या जोडपट्ट्या घाला, म्हणजे वळसा विजेच्या दृष्टीने वेगळा पडेल. त्याला धन-ऋण उलटवू शकणाऱ्या सहा टोकांच्या दुहेरी स्विचमधून पुरवठा द्या; असा स्विच महात्मा गांधी रस्त्यावरील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळावा. हा वेगळा केलेला तुकडा आपल्या सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब हवा, अन्यथा पुढचे टोक बाहेर पडताना मागचे टोक अजून आत शिरत असते आणि डब्यांना धातूची चाके असतील तर पुन्हा शॉर्ट होतो. माझी पहिली मांडणी मी एवढ्या एका चुकीपायी दोनदा उखडली.

घाटवाट :

प्रश्न वाचून आनंद झाला, कारण कसारा घाट हा प्रतिकृतीसाठी जणू मापून काढलेला घाट आहे. तेथील तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे सुमारे २.७ टक्के, आहे आणि एच-ओ मापाच्या सामान्य इंजिनाला डब्यांसह झेपणारा चढही अडीच-तीन टक्क्यांच्या आसपासच असतो. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर खालील गाडीसाठी आणि वरच्या फळीच्या जाडीसाठी धरून किमान ८ सेंटीमीटर उंची लागते. आठ गुणिले सदतीस, २९६ सेंटीमीटर. आपली दहा फुटांची भिंत ३०५ सेंटीमीटर आहे. मात्र कोपऱ्यातील वळणे त्यातूनच जातील आणि वळणावरचा चढ इंजिनाला सरळ चढापेक्षा जड जातो, त्यामुळे चढ दरवाजाच्या बाजूच्या भिंतीवरूनच सुरू करावा लागेल.

संपूर्ण घाटाचा नाद सोडा. कसारा ते इगतपुरी हे पंधरा किलोमीटरांच्या आसपासचे अंतर १:८७ मध्ये सुद्धा पावणेदोनशे मीटर होते. या घाटातील एहेगावचा रेल्वेपूल पन्नास मीटरांहून उंच आहे, तो आपल्या खोलीत साठ सेंटीमीटर उंच होईल आणि बाकी सारे गिळून टाकेल. माझे स्पष्ट मत असे, की फक्त इगतपुरीकडचे टोक करावे : बोगद्याचे तोंड, शेवटचा चढ, फलाट आणि बँकर सुटण्याची जागा. आपल्याला जो धक्का आठवतो, तो कसाऱ्याचा आहे हे मान्य; पण प्रतिकृतीत बँकर लागण्यापेक्षा सुटणे करून दाखविणे सोपे जाते.

ते असे. बँकरच्या पुढच्या बाजूचा जोडकडा काढून टाका, म्हणजे तो फक्त ढकलेल. इगतपुरीच्या फलाटाशी एका रुळात काप घेऊन, गाडीच्या लांबीपेक्षा आखूड असा तुकडा स्वतंत्र बटणावर ठेवा. गाडी थांबली, पुढचे इंजिन कापाच्या पलीकडे पोचले, बँकर अलीकडे राहिला, की बटण बंद करा. पुढची गाडी निघून जाते आणि बँकर जागेवर उभा राहतो. डिजिटल नियंत्रणात प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असल्याने हे बटणाशिवाय होते, शिवाय दोन्ही इंजिनांचा वेग जुळवून घेता येतो. तरीही पहिले वर्ष साध्या प्रवाहावरच काढावे, असे मी म्हणेन.

एक सावधगिरी : मागून ढकललेले हलके डबे वळणावर रुळांवरून उडतात. अमेरिकेतील छंदिष्टांच्या संघटनेचा एच-ओ डब्यांसाठीचा ठोकताळा एक औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस असा आहे. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातील जुन्या पद्धतीचा, प्रवासी डबा या मापात साडेचोवीस सेंटीमीटर भरतो, म्हणजे वजन सुमारे १६५ ग्रॅम हवे. डब्याच्या तळाशी, चाकांच्या वर, दोन्ही टोकांना समान वजन चिकटवा.

डोंगरासाठी प्लास्टर ओतत बसू नका. आपल्या सह्याद्रीत बेसॉल्टचे थर एकावर एक आडवे बसलेले आहेत, म्हणून थर्मोकोलच्या पातळ पट्ट्या हाताने तोडून एकावर एक चिकटवल्या की कडा आपोआप उभा राहतो. रंग काळा देऊ नये. करडा देऊन वर पातळ तपकिरी ओघळ सोडावेत. मातीसाठी चहाचा चोथा धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून वापरतात. तो ओला राहिला तर पावसाळ्यात बुरशी धरतो, हे मी वासावरून शिकलो. रुळांखालील खडीसाठी दगडाची कच चाळून घ्यावी, ड्रॉपरने पाणी शिंपडावे आणि मग पाणी घातलेला पांढरा गोंद, त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, सोडावा. साबणाशिवाय गोंद खडीत उतरत नाही, वरच गोळा होतो.

रुळगणित :

भारतीय रुंद मार्ग (ब्रॉडगेज) १६७६ मिलिमीटरचा आहे, १:८७ ने तो १९.२६ येतो. बाजारातील एच-ओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा आहे. त्यामुळे आपली इगतपुरी शास्त्रशुद्ध होणार नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

घाटवाट :

मान्य. पावणेतीन मिलिमीटरांसाठी सगळी चाके आणि सगळे सांधे हाताने बनविण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी अवश्य बनवावेत.

गंगापूर रोडची लेक :

काका, माझे वडील हा छंद सत्तरीतही करतात, म्हणून डोळे आणि हातांविषयी लिहिते. एन माप अजिबात घेऊ नका. त्यात रुळांची रुंदी केवळ ९ मिलिमीटर असते, आणि घसरलेला डबा पुन्हा रुळावर ठेवताना थरथरणारा हात शेजारचे दोन डबे पाडतो. आमच्याकडे असा एक संच शेवटी कपाटात गेला. बाबा डबा सरळ रुळावर ठेवतच नाहीत. पन्हाळीसारखा एक प्लास्टिकचा उतार मिळतो, तो रुळावर टेकवून त्यावरून डबा घरंगळत सोडतात.

मांडणीची उंची खुर्चीत बसून नव्हे, उभे राहून ठरवा. बाबांनी कोपराच्या जरा खाली, सुमारे १०५ सेंटीमीटर, ठेवली आहे. त्यामुळे वाकावे लागत नाही, गाडी बाजूने डोळ्यांसमोरून जाते आणि आपल्या अटीप्रमाणे खाली गादीही मावेल. फळीची रुंदी ६० सेंटीमीटरपेक्षा जास्त केली, तर मागच्या सांध्यापर्यंत हात पोचत नाही. दारासमोर मात्र उचलता येणारी फळी करा. खालून वाकून आत जाण्याची सवय कंबरेला मानवत नाही. सोल्डरिंग खिडकीजवळ, पंखा बाहेरच्या दिशेने लावून आणि डोक्याला बांधण्याचे भिंग लावूनच करा. रूळ काळे पडले की आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा, पॉलिश पेपर वापरू नका, कारण त्याने पडलेल्या चरांत मळ आणखी लवकर बसतो.

आणि जमल्यास पुण्याला कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय, जे १९९८ पासून चालू आहे, एकदा पाहून या. बाबा तिथून आले त्या रात्री जेवायलाच विसरले होते.

एकलहरेकर :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्लास्टिकच्या जोडपट्ट्या आणि स्विच आज आणला. वळशातून गाडी उलट परतली तेव्हा सौभाग्यवतीही उठून पाहायला आल्या. एच-ओवरच राहतो. मी भिंती मोजल्या आहेत. दहा फुटांच्या भिंतीतील तीन फूट कपाटाने अडवले आहेत आणि त्यात तिची लोणच्याची बरणी व पापडांचे डबे आहेत. ते कपाट हलवता येणार नाही, असे मला स्पष्ट शब्दांत कळविण्यात आले आहे. त्यामुळे घाटवाट यांना विचारतो : बोगदा कपाटाच्या पाठीमागून काढला तर चालेल काय, आणि गाडी आत अडकली तर तिथे हात कसा पोचवावा?