मदत हवी आहे: अबोला धरलेल्या दोघांसमोर योहान १३:३४-३५ कसे शिकवावे?

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो,

आमच्या लहानशा बायबल अभ्यासगटात पुढचा पाठ योहान १३:३४-३५ हा आहे. एकमेकांवरील प्रीतीवरून आपण येशूचे शिष्य आहोत हे सर्व जण ओळखतील, असे तेथे म्हटले आहे. परंतु आमच्यातील दोन सदस्य कित्येक महिने एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांपैकी एक जण दाराजवळ बसतो आणि शेवटचे ‘आमेन’ होताच, दुसऱ्याने गीतांचे पुस्तक मिटण्याआधीच, निघून जातो.

कारण पैशांचे किंवा मंडळीच्या शिस्तीचे नाही. सेवेच्या वाटपावरून बोलले गेलेले कठोर शब्द एवढेच आहे. मी दोघांशी स्वतंत्रपणे बोललो, मत्तय १८:१५ (बंधूने अपराध केला तर त्याच्याकडे जाऊन एकांतात त्याला दाखवून दे) त्यांच्यापुढे ठेवले. पाळक मध्यस्थीस तयार आहेत, पण ती दोघांनाही नको आहे. गट सोडण्याची मात्र कोणाचीच इच्छा नाही, आणि मला तीच आशेची जागा वाटते.

शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा लेवीय १९:१८ मध्ये आधीपासून होतीच. येथे नवे आहे ते ‘जशी मी तुमच्यावर प्रीती केली’ हे माप. आणि हे शब्द येशूने पाय धुतल्यानंतर, त्याला धरून देणारा शिष्य यहूदा बाहेर गेल्यावर, आणि शिष्य पेत्र आपल्याला नाकारील असे भाकीत करण्याआधी उच्चारले. हा संदर्भ मला मुळीच गाळायचा नाही.

पाठ पुढे ढकलणे शक्य नाही. तेव्हा, त्या दोघांना आपल्यावरच रोख आहे असे न वाटता, तरीही आज्ञेची धार बोथट न करता, हा पाठ कोणत्या प्रश्नाने सुरू करावा?