मागच्या ओल्या कोपऱ्यात काँक्रीट की झाड?

*बी-२०४ :* नमस्कार मंडळी. पार्किंगमागच्या कोपऱ्यात काँक्रीट घालायचं चाललंय असं कळलं. माझी कळकळीची विनंती, त्याआधी तिथं एकदा झाड लावून बघूया. गेल्या पावसात दोन जास्वंदी लावल्या, दोन्ही पिवळ्या पडून गेल्या. पण लेकीनं मेरीलँडहून फोटो पाठवलाय. तिच्या अंगणात दलदलीत वाढणारी जास्वंद आहे, भाकरीएवढं फूल! बी पाठव म्हणू का तिला?

*सी-३०१ :* काकू, फोटो सुंदर आहे, पण बी नका मागवू. परदेशातून बी आणायला २००३ च्या प्लँट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना लागतो, शिवाय तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र. नुसतं पाकिटात घालून पाठवायचं नसतं. आणि ते झाड तिथलंच आहे हो. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पाणथळीतलं, हिबिस्कस मॉस्क्युटॉस. थंडीत जमिनीलगत वाळतं आणि वसंतात मुळातून फुटतं. तसली थंडी आपल्याकडं कुठली? त्याच्या परागावर वाढणारी एक मधमाशीसुद्धा आहे, कडक जमिनीवर पाणी आणून ती भिजवून बीळ करते. ती माशी तिथंच राहणार. लेकीला सांगा, नीट बघ, दिसेल.

*बी-२०४ :* मग आमच्या जास्वंदी का गेल्या? पाणी तर भरपूर होतं.

*सी-३०१ :* म्हणूनच गेल्या. आपली काळी माती पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. तिथं जास्वंदीच्याच कुळातला बेलपट लावा. कोकणात खाडीच्या कडेला असतो. पान पिंपळासारखं, फूल सकाळी पिवळंधमक आणि मध्ये गर्द लाल. संध्याकाळपर्यंत तेच फूल केशरी-तांबूस होतं आणि गळतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दिवसभर त्या झाडाखालून हललेच नव्हते.

*ए-१०२ :* ते ठीक आहे ओ ताई, पण डासांचं काय? घरात लहान बाळ आहे.

*सी-३०१ :* काळजी बरोबर आहे तुमची. झाडाला चिखल चालतो, डबकं लागत नाही. डासाची अळी वाढायला आठवडाभर साचलेलं पाणी लागतं. खळगा मातीनं भरून घेतला की वर पाणी उभं राहणार नाही.

*ए-४०१ :* पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा आपली गटार उलटी फिरते. २०१९ ला आणि २०२१ ला तो कोपरा कितीतरी दिवस पाण्याखाली होता. झाड टिकंल काय?

*सी-३०१ :* मोठं झालेलं टिकेल असं वाटतं, खाडीत रोज भरतीचं पाणी सोसतंच की ते. कोवळं रोप मात्र वाहून जाईल. म्हणून पहिला पावसाळा कुंडीत, गच्चीवर.

*सेक्रेटरी :* उंची किती होते? कंपाउंडला धोका नको.

*सी-३०१ :* मोकळं सोडलं तर मोठं झाड होतं आणि आडवं पसरतं, हे आधीच सांगते. भिंत आणि ड्रेनेज लाइनपासून दहा फूट तरी लांब लावा आणि दर वर्षी पाऊस संपला की छाटा. छाटायला माणूस मिळणार नसेल तर लावू नका.

*ए-४०१ :* छाटणी माझ्याकडं. शनिवारी मालवणला चाललोय, सासऱ्यांच्या वाडीच्या कुंपणालाच बेलपट आहे. पूर्वी त्याच्या सालीचे दोर वळायचे म्हणत होते. फांद्या आणतो.

*सी-३०१ :* दादा, वाडीतल्याच आणा, खाडीवरच्या तोडू नका. अंगठ्याएवढ्या जाड, हातभर लांब. खालची पानं काढा आणि ओल्या पोत्यात गुंडाळा. आल्या आल्या माती आणि वाळू भरलेल्या कुंडीत, सावलीत खोचायच्या.

*सेक्रेटरी :* काँक्रीटचं काम पुढच्या मीटिंगपर्यंत थांबवतो. खळगा भरायला दोन ट्रॉल्या माती लागेल, ती सोसायटीच्या खात्यातून.

*बी-२०४ :* दादा, चार फांद्या जास्तच आणा. कुंड्या माझ्या गच्चीवर मोकळ्या आहेत, रोज पाणी मी घालते.