व्हीपीएन लावला तरी घड्याळ बोलतं

व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून फिरवणारी सोय) लावला की आपण कुठले ते कळत नाही, असं म्हणतात. ते अर्धंच खरं. समजा जर्मनीतला सर्व्हर निवडला, तर आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला पत्ता) जर्मनीचा दिसतो, पण संकेतस्थळाने जावास्क्रिप्टमधून (पानासोबत ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमधून) विचारलं की ब्राउझर परवानगी न मागता भारतीय वेळ सांगून मोकळा होतो. रत्नागिरीत बसून मला त्याची फार भीती नाही. इथपासून गुवाहाटीपर्यंत सगळ्यांचं यूटीसी +५:३० (जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे) एकच. काळजी वाटते ती आमच्याकडच्या जहाजावर गेलेल्या पोरांची. परक्या बंदरात मोबाइल भारतीय वेळेवरच ठेवला, तर तिथल्या फोनांत त्यांचा लगेच उठून दिसतो. टॉर ब्राउझर (ओळख लपवण्यासाठी बनवलेला ब्राउझर) सगळ्यांचीच वेळ यूटीसी दाखवतो. फायरफॉक्समध्येही फिंगरप्रिंटिंगविरोधी (अशा बारीक खुणा जुळवून ओळखलं जाणं टाळणारं) सेटिंग आहे. मात्र तेही यूटीसीच दाखवतं, म्हणून चालू केल्यावर काही ठिकाणी वेळा साडेपाच तास मागे दिसतात, तेवढं सांभाळा.