मदत हवी आहे: भट्टी चालू झाली की वजनकाट्याची लिंक तुटते, नेमकं कसं शोधायचं?

शिरोलीचा अ‍ॅडमिन:

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आयटी बघतो. सर्व्हर, नेटवर्क, कॅमेरे, प्रिंटर सगळं माझ्याकडंच आहे. ऑफिसमधला मेन स्विच आणि गेटजवळची वजनकाट्याची केबिन यांच्यातली लिंक दिवसातून कधीही तुटते. कधी पाच-दहा सेकंद, कधी दोन-तीन मिनिटं, मग आपोआप चालू. मी केबिनपर्यंत पोचतो तोवर सगळं व्यवस्थित असतं.

ऐकायला किरकोळ वाटेल, पण काट्यावर वजन झालं की चलन निघतं आणि चलनावरून ई-वे बिल. लिंक तुटली की ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवणारं सॉफ्टवेअर) बाहेर फेकतं, पुन्हा लॉगिन, पुन्हा एंट्री. कर्नाटकात जाणारी गाडी ई-वे बिलाशिवाय सोडता येत नाही. मागं गाड्यांची रांग लागते आणि काट्यावरची पोरं ड्रायव्हर लोकांची बोलणी खातात. त्यांचा यात काडीचा संबंध नाही, मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आतापर्यंत केबलच्या दोन्ही टोकांचे आरजे-४५ प्लग नव्यानं क्रिंप केलेत (दाबून बसवलेत), पॅच कॉर्ड बदलल्यात, मेन स्विचचा पोर्ट बदलून पाहिलाय, पीसीच्या लॅन कार्डचं पॉवर सेव्हिंग बंद केलंय. आयपी स्टॅटिक आहे आणि दुसऱ्या कुणाला दिलेला नाही, तेही तपासलंय. केबल कॅट-६ (तांब्याची नेटवर्क केबल), साधी यूटीपी, म्हणजे शील्ड नसलेली. वाटेत ती मेल्टिंग शॉपच्या (धातू वितळवायच्या विभागाच्या) भिंतीला लागून जाते आणि काही अंतर पॉवर केबलच्याच ट्रेमधून.

एक गोष्ट ठळक दिसते. सोमवारी मेल्टिंग बंद असतं पण डिस्पॅच अर्धा दिवस चालू असतो, आणि सोमवारी तक्रार येत नाही. त्यामुळं संशय इंडक्शन भट्टीवर (विजेच्या कॉइलनं धातू वितळवणाऱ्या) आहे. पण ‘संशय आहे’ म्हणून मालकांकडं पैसे मागता येत नाहीत, पुरावा लागतो. प्लँट मॅनेजर म्हणतात, वायरलेस टाकून मोकळे व्हा.

तर विचारायचं असं की हे सिद्ध कसं करू? आणि मॉनिटरिंगला (नेटवर्कवर सतत नजर ठेवायला) कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, झॅबिक्स की लिब्रेएनएमएस? ८ जीबी रॅमचा एक जुना डेस्कटॉप मोकळा पडलाय. मेन स्विच मॅनेज्ड (लॉग आणि सेटिंग देणारा) आहे, केबिनमधला आठ पोर्टचा साधा.

पॅकेटवाला:

आधी केबलची लांबी बघा. जॅकेटवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांचे आकडे वाचून वजाबाकी करा. पॅच कॉर्ड धरून १०० मीटरच्या आत हवी. त्याच्या वर असेल तर भट्टीला दोष देण्याआधी तेच कारण.

दुसरं, एक तार ब्लेडनं खरवडून बघा. आत चंदेरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. खोक्यावर कॅट-६ छापलेलं असलं तरी असली तार त्या मानकात बसत नाही. बाजारात हा माल सर्रास मिळतो.

शिरोलीचा अ‍ॅडमिन:

लांबी ८४ मीटर. तार खरवडली, आत शुद्ध तांबं. दोन्ही प्रश्न निकालात.

गडहिंग्लजकर:

मी बरीच वर्षं साखर कारखान्यात हेच काम केलंय. तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या शक्यता मिसळल्यात आणि आधी त्या सुट्या करायला हव्यात. भट्टीनं लोड घेतला की एकतर केबलमध्ये गडबड शिरते, नाहीतर केबिनचा व्होल्टेज पडून तिथला छोटा स्विच रीस्टार्ट होतो. मेन स्विचच्या लॉगमध्ये दोन्ही प्रकार सारखेच दिसणार, लिंक डाउन, लिंक अप. मेन स्विचचा अपटाइम (किती वेळ सलग चालू आहे ते) बघून उपयोग नाही, कारण रीस्टार्ट झालाच तर केबिनमधला होतोय. उपाय मात्र दोन्हीचे वेगळे. एकाला केबल बदलावी लागेल, दुसऱ्याला चांगला ऑनलाइन यूपीएस.

केबिनमध्ये त्याच छोट्या स्विचला नेटवर्क प्रिंटर आहे का? असेल तर काट्याच्या पीसीवर दोन खिडक्या उघडा. एकीत प्रिंटरला सतत पिंग (उत्तर येतं का बघणारा छोटा संदेश), दुसरीत ऑफिसच्या सर्व्हरला. दोन्हीला वेळेचा शिक्का लागू दे, पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड खिडकी) दोन ओळींचा लूप पुरतो. लिंक तुटल्यावर दोन्ही पिंग गेले तर स्विचच बसला. फक्त सर्व्हरचा गेला आणि प्रिंटरचा चालू राहिला, तर स्विच जिवंत होता आणि दोष वाटेत आहे. याला ना झॅबिक्स लागतं ना पैसे.

पीसी आणि प्रिंटर केबिनच्या यूपीएसवर आहेत का तेही बघून ठेवा. तेच वीज जाऊन बंद पडले तर चाचणी फसते.

उद्यमनगर_नेट:

गडहिंग्लजकरांशी सहमत. त्यात भर घालतो. मेन स्विचच्या त्या पोर्टचे सीआरसी किंवा एफसीएस एररचे आकडे बघा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेम (डेटाची पाकिटं) किती ते कळेल. काउंटर शून्य करा, भट्टी बंद असताना तासभर ठेवा, मग भट्टी चालू असताना तासभर.

एक मर्यादा लक्षात ठेवा. पोर्ट फक्त स्वतःकडं आलेल्या खराब फ्रेम मोजतो. म्हणजे मेन स्विचला केबिनकडून येणारी घाण दिसेल, केबिनकडं जाणारी दिसणार नाही. ती मोजायला पीसीवर नेटस्टॅट (पाकिटांचे आकडे दाखवणारी कमांड) चालवून फायदा नाही, कारण मधला स्विच खराब फ्रेम तिथंच टाकून देतो, पीसीपर्यंत जाऊच देत नाही. तेवढ्यापुरती केबल थेट पीसीला लावून बघा.

टूलबद्दल. दोन्ही चांगली, दोन्ही फुकट, तुमच्या डेस्कटॉपवर दोन्ही आरामात चालतील. लिब्रेएनएमएसला स्विचचं एसएनएमपी (स्विचची माहिती नेटवर्कवरून वाचायची सोय) दिलं की पोर्ट, एरर, ग्राफ सगळं स्वतः शोधून मांडतं, सेटिंगला फार वेळ जात नाही. पण मूळ सेटिंगमध्ये ते दर पाच मिनिटांनी विचारतं. एरर वाढलेत हे कळेल, नेमके कोणत्या क्षणी ते कळणार नाही. तुम्हाला क्षण हवाय. झॅबिक्समध्ये दर दहा सेकंदांचा पिंग लावता येतो आणि पोर्टचे एररही दर अर्ध्या मिनिटाला घेता येतात. शिकायला जड आहे, तरी या कामाला मी झॅबिक्सच म्हणेन. नुसतं ‘तुटलं की मोबाईलवर कळू दे’ एवढंच हवं असेल तर अपटाइम कुमा हे सॉफ्टवेअर टाका, पण कारण शोधायला ते पुरणार नाही.

तांबट:

मी फाउंड्रीत मेंटेनन्सला होतो, आयटीवाला नाही, म्हणून एक वेगळी गोष्ट सुचवतो. भट्टीवाल्याकडं हीट रजिस्टर असतं. प्रत्येक हीट (भट्टीचा एक घाणा) कधी चार्ज केली, म्हणजे माल भरला, कधी ओतली याची वेळ त्यात लिहिलेली असते. स्विचचं घड्याळ एनटीपीनं (नेटवर्कवरून वेळ जुळवून) बरोबर लावून घ्या, लॉग सर्व्हरवर ओढा आणि रजिस्टरच्या वेळा शेजारी मांडा. मालकांना सीआरसी कळणार नाही. हीट नंबर कळतो.

फरक कशानं पडतो तेही सांगतो. भट्टीच्या पॉवर युनिटमधले रेक्टिफायर करंट तुकड्यातुकड्यांनी ओढतात, त्यातून हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतले विकार) तयार होतात. शिवाय कॉइलकडं जाणाऱ्या लीड्समधून प्रचंड करंट वाहतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र आजूबाजूला पसरतं. तुमची यूटीपी ज्या भिंतीवरून गेलीय त्याच्या पलीकडं कपॅसिटर बँक (भट्टीच्या कॉइलला जोडलेले मोठे कपॅसिटर) आहे का बघा.

शिरोलीचा अ‍ॅडमिन:

मंडळी, सगळं करून पाहिलं. पीसी, प्रिंटर, छोटा स्विच तिन्ही यूपीएसवर आहेत. सर्व्हरचा पिंग तुटला तेव्हा प्रिंटरचा एकदाही तुटला नाही. म्हणजे स्विच बसत नाही, दोष केबलमध्येच. भट्टी बंद असताना एफसीएस एरर शून्यावर राहिले, चालू असताना आकडा डोळ्यांदेखत चढत गेला.

हीट रजिस्टरची युक्ती सगळ्यात भारी. लिंक डाउनच्या जवळजवळ सगळ्या नोंदी हीट सुरू करून पॉवर पूर्ण चढवल्यानंतरच्या निघाल्या. भट्टीवाल्या मामांनी रजिस्टर स्वतः समोर धरलं, म्हणाले, “मला आधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं, पॉवर चढवली की गेटवरनं फोन येतोय.” भिंतीपलीकडं कपॅसिटर बँकच आहे, तांबटदादा, तुमचा अंदाज तंतोतंत.

आता केबल दुसरीकडून फिरवू की शील्डेड (धातूचं आवरण असलेली) टाकू की फायबर (काचेच्या तारेची केबल)?

उद्यमनगर_नेट:

फिरवलीत तर १०० मीटरच्या बाहेर जाल. शील्डेड दोन वेगळ्या इमारतींमध्ये नको, दोन्हीकडचं अर्थिंग सारखं नसेल तर शील्डमधूनच करंट वाहायला लागतो. फायबर टाका. काचेत भट्टीचं काही शिरत नाही. आणि वळवाच्या पावसात गेटजवळ वीज पडली तरी फायबरमधून ती ऑफिसच्या स्विचपर्यंत येत नाही. नुसत्या या कारणासाठीसुद्धा दोन इमारतींमध्ये तांबं नको.

वायरलेस तात्पुरतं चालेल, पण काट्यावर उंच ट्रक उभा राहिला की समोरचं दिसणं बंद, मग पुन्हा तेच रडगाणं.

शिरोलीचा अ‍ॅडमिन:

मालकांना लॉग आणि रजिस्टर शेजारी शेजारी दाखवलं, फायबरला हो म्हणाले. मेन स्विचला एसएफपीची (फायबर जोडायच्या मॉड्यूलची) जागा आहे. शेवटचं एकच: आर्मर्ड (कवच असलेली) घेऊ का? आवारात फोर्कलिफ्ट फिरतात, आणि घुशींचा त्रास आहेच.

गडहिंग्लजकर:

घुशी असतील तर आर्मर्डच घ्या, सिंगल मोड (फायबरचा लांब अंतराला चालणारा प्रकार), चार कोअर (आत काचेच्या चार तारा). दोन वापरात, दोन राखीव. फक्त आर्मर धातूचा असतो हे विसरू नका. त्याचं अर्थिंग ऑफिसच्या एकाच टोकाला करा, केबिनच्या टोकाला तो बॉक्सच्या अलीकडं कापून मोकळा ठेवा, नाहीतर तांब्याची अडचण मागच्या दारानं परत येईल. स्प्लाइसिंगला (फायबरची टोकं जोडायला) ब्रॉडबँडवाली पोरं मशीन घेऊन येतात, काम झाल्यावर त्यांच्याकडून पॉवर मीटरचं (पोचणारा प्रकाश मोजणाऱ्या) रीडिंग लिहून घ्या, पुढं कधी लॉस वाढला तर तुलनेला लागतं. केबिनमध्येही एसएफपीवाला छोटा मॅनेज्ड स्विच बसवा, म्हणजे झॅबिक्सला दोन्ही टोकं दिसतील.

आणि फायबर चालू झाल्यावर जुनी कॅट-६ दोन्हीकडून काढून टाका. ‘बॅकअपला असू दे’ म्हणून कुणीतरी ती स्विचला लावून ठेवतं, स्पॅनिंग ट्री (असा दुहेरी रस्ता ओळखून बंद करणारी स्विचची सोय) बंद असेल तर लूप होतो, डेटा गोल गोल फिरत राहतो आणि मग काट्याबरोबर अख्खं ऑफिस बसतं.