हज की उमरा? मायला न्यायचंय, सल्ला हवा

केळीवाला_रावेर
यंदा केळीला भाव बरा लागला. माय 68 वर्षांची, गुडघे कुरकुरतात. ती म्हणते हजला ने. काका म्हणतात, उमरा (मक्केची छोटी यात्रा) करून आण, कमी पैशात काम होतं. आमच्या दोघांच्या उमऱ्यापुरते पैसे आहेत. हजसाठी अजून एक हंगाम थांबावं लागेल. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगा.

यार्डवाला_भुसावळ
भाऊ, 'काम होतं' तिथंच गडबड आहे. ऐपत असेल त्याच्यावर आयुष्यात एकदा हज फर्ज (म्हणजे बंधनकारक), आणि दहा उमरे केले तरी तो उतरत नाही. रमजानमधल्या उमऱ्याला हजइतका सवाब (पुण्य) सांगितलाय, पण फर्ज तसाच राहतो.

उमरा चार-पाच तासांत होतो. एहराम (यात्रेचा पेहराव), काबाभोवती सात फेरे, सफा-मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात चकरा, केस कापले की सुटलात. त्या चकराच तीन-साडेतीन किलोमीटर भरतात, पण व्हीलचेअर मिळते, डोक्यावर छप्पर आहे. हजच्या आसपासचे दिवस सोडले तर वर्षभरात कधीही जा.

हजला तारखा ठरलेल्या. जिल्हिज्ज या इस्लामी महिन्याच्या 8 ला मक्केजवळ मिना, 9 ला अराफातचं मैदान, रात्री मुज्दलिफ्यात उघड्यावर पथारी, मग पुन्हा मिना आणि जमरातला (सैतानाच्या खांबांना) खडे मारायचे. गर्दीत चालणंच चालणं. मी म्हटलं, भुसावळचं ऊन खाल्लेला माणूस, मला काय होतंय! अराफातला जीभ टाळूला चिकटली. मायचे गुडघे बघता आधी उमरा करा.

धुळेकर_आपा
मला नाही पटत. गुडघे पुढच्या वर्षी बरे होणार आहेत का? हेच पैसे उमऱ्यात घातले तर हज आणखी लांबेल. कर्ज काढू नका, तसा हुकूमही नाही. थांबा, सरकारी हज कमिटीचा फॉर्म भरा. ज्येष्ठांना सोबतीसह वेगळा गट आहे, बाकीच्यांसारखं सगळं कुर्ऱ्यावर (सोडतीवर) नसतं.

आणि कुणी एजंट 'व्हिजिट व्हिसावर हज करवतो' म्हणाला तर हात जोडा. 2024 च्या हजमध्ये 1,301 माणसं दगावली, त्यातली 83 टक्के परवान्याशिवाय आलेली. उन्हात मैलोनमैल चालत होती, ना तंबू ना सावली.

केळीवाला_रावेर
आपा, मायला वाचून दाखवलं. ती तुमच्या बाजूनं. आता पासपोर्ट काढायचा, तर आधारवर तिची जन्मतारीख 1 जानेवारी पडलीय. अडचण येईल का?

यार्डवाला_भुसावळ
माझ्या पासपोर्टवर पण 1 जानेवारीच आहे भो. शाळेतल्या मास्तरांची कृपा.