जुने बग आपोआप बंद करण्याबद्दल

सहा महिने हालचाल नसलेले बग (सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या नोंदी) बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने, बंद करून टाकावेत, हे काहींचं मत मला पटत नाही. यादी आटोपशीर दिसते, खरा दोष मात्र जागच्या जागीच! मोझिलाच्या बगझिलात (बग नोंदवायच्या प्रणालीत) नीडइन्फो, म्हणजे 'माहिती हवी' अशी खूण लावायची सोय आहे, नेमकं कोणाच्या उत्तरासाठी अडलंय ते त्यात कळतं. तिथून उत्तर आलं नाही तर खुशाल बंद करा.

बगच्या नोंदीत 'चालत नाही' एवढंच लिहिणाऱ्याला मी आधी आवृत्ती विचारतो, मग कुठल्या आवृत्तीपर्यंत नीट चालत होतं ते. हे दुसरं उत्तर लाखमोलाचं, कारण मग त्या आवृत्तीनंतरच्या कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) तेवढ्याच तपासायच्या उरतात. कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली बायसेक्ट ही आज्ञा दर फेरीत उरलेल्या कमिट निम्म्यावर आणते, त्यामुळे १००० कमिटमधली बिघडवणारी कमिट साधारण १० चाचण्यांत हाती लागते. (डुप्लिकेट, म्हणजे त्याच दोषाची पुन्हा केलेली नोंद, मात्र बिनधास्त बंद करा, मूळ नोंदीचा दुवा तेवढा द्या.)